सांडव्यावरून गेलेला मासा

परवा धरणाच्या काठावरच्या मासळीच्या शेडमध्ये मी गोणपाट मागितलं, तेव्हा काट्यावरचा माणूस माझ्याकडे बघतच राहिला. त्याच्या हातात प्लास्टिकची पिशवी तयार होती. "ताई, बर्फ टाकून देतो की," म्हणाला. हल्ली मासा थर्माकोलच्या खोक्यात बसून टेम्पोने पुण्याला जातो, गोणपाटात कोण नेतं? पण मी हट्टाला पेटले. शेवटी कोपऱ्यात पाय पुसायला टाकलेलं एक सापडलं. ते धरणात बुडवलं, पिळलं, पुन्हा बुडवलं, असं चार वेळा केलं आणि चांगला हातभर कटला त्यात गुंडाळला. ओल्या तागाचा वास नाकात गेला. तिथंच एका दगडावर बसले. माणसं माझ्या आजूबाजूनं जाळी ओढत राहिली.

धरणाचे दरवाजे उघडलेले होते. खालून सांडव्याचा आवाज येत होता, जातं चालू असल्यासारखा, न थांबणारा. या आवाजात मी वाढले. श्रीगोंद्याच्या या अंगाला हे धरण, आणि त्याच्या काठावर आम्हा भोयांची पाच-पंचवीस घरं. लग्न होऊन तिसगावला गेले, तर तिथं हंड्याला पाणी नाही. नवऱ्याचं मिरची-कांडप आहे, आता मीच चालवते. माझी जीभ लहानपणापासून तिखट. धंदाही देवानं बघूनच दिला, असं आमच्याकडं सगळे म्हणतात. मीही हसते. हसण्यासारखं त्यात फार काही नाही, ते पुढं सांगते.

बी यायचं ते श्रावणाच्या आगेमागे. बी म्हणजे माशाचं. बोटाएवढी पिल्लं, म्हणून त्यांना बोटुकली म्हणायचं. हवा भरून टम्म फुगवलेल्या पिशव्या टेम्पोतून उतरायच्या आणि सगळी वस्ती काठावर जमायची. पिशवी उन्हाकडं धरली की आत सुयाच सुया चमकायच्या. पण गाठ सोडायची घाई कुणी करायची नाही. आधी पिशव्या तशाच बंद, धरणाच्या पाण्यात तरंगत ठेवायच्या. आमचे दादा, म्हणजे वडील, एक हात पिशवीवर आणि एक हात पाण्यात ठेवून उकिडवे बसायचे. तंबाखू नाही, बोलणं नाही. "आतलं पानी आन भायेरचं पानी एकमेकाला वळखू द्या," एवढंच म्हणायचे. दोन्ही हातांना सारखाच गारवा लागला की मग गाठ सोडायची, पिशवी हळूच आडवी करायची आणि पिल्लांनी आपली आपण बाहेर पडायचं. ढकलायचं नाही.

मला ते जमायचंच नाही. मी सारखी "झालं का? झालं का?" करत पाण्यात पाय आपटायची. "हिच्या हातात बी दिलं तर सांजंला सगळं पांढरं पोट करून वर येईल," दादा म्हणायचे, आणि काठावरच्या बायका हसायच्या. मला राग यायचा. मला तेव्हा कशाचाही राग यायचा.

श्रावणाचा काठ कसा होता, तर निसरडा आणि हिरवा. दादांच्या सदऱ्याला जाळ्याचा वास, आईच्या पदराला चुलीचा. तराफे उलटे घालून ठेवलेले, त्यांच्याखाली कोंबड्या. मासेमारीच्या बंदीचे दिवस असले की गडीमाणसं बाभळीखाली बसून जाळी सांधायची, त्यांच्या सुया टकटक वाजायच्या. धरण भरत आलेलं, पलीकडचा ऊस पाण्यात पाय सोडून बसल्यासारखा दिसायचा. आणि मग एका दिवशी भोंगा व्हायचा. दरवाजे उघडणार.

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं समजायचं नाही. धरणात बी आम्ही सोडायचो, राखायचो आम्ही, पण दरवाजे उघडले की पाण्याबरोबर मासाही खाली पडायचा. बारका पडायचा, दोन-दोन वर्षं वाढवलेला मोठाही पडायचा. तो एकदा सांडव्यावरून गेला की नदीचा. खालच्या गावच्या भोयांनी धरावा, खावा, विकावा. वरच्यांनी जाळं घेऊन खाली उतरायचं नाही आणि गेला म्हणून तोंड वाकडं करायचं नाही. खालच्यांनीही एक पाळायचं. नदीच्या पात्रात म्हसोबाचा शेंदूर लावलेला मोठा धोंडा आहे, त्याच्या वर, दरवाज्यांच्या तोंडाशी जाळं लावायचं नाही. हे कुठं कागदावर नव्हतं. पण दोन्हीकडच्या पोरांना पोहण्याआधी हे ठाऊक असायचं.

माझ्या आईचं माहेर ते खालचं गाव. नदीकाठानं तासाभराची वाट. तिला एकच भाऊ, तिच्याहून धाकटा, माझा मामा.

दरवाजे उघडल्यावर दोन-तीन दिवसांत मामा यायचाच. बांधावरून येताना आधी त्याचं फेट्याचं टोक दिसायचं, मग खांद्यावरचं गोणपाट. त्यातून पाणी गळून सदऱ्याच्या पाठीवर एक ओला पट्टा उमटलेला असायचा. दारात आला की आत यायचा नाही. तिथंच उभा राहून मोठ्यानं म्हणायचा, "आक्के, तुझ्या धरनातला मासा वाट चुकून आमच्याकडं आला. पोचवाया आलोय."

आई लगेच उठायची नाही. ऐकूच आलं नाही असं दाखवायची. मग पदराला हात पुसत यायची आणि म्हणायची, "चुकला तर ऱ्हाऊ द्यायचा की तिथंच. आमाला काय कमी हाय का?" दर वर्षी हेच. शब्द बदलायचे नाहीत. मामा गोणपाट उंबऱ्यावर सोडायचा आणि आई खाली बसून माशाच्या अंगावरून अंगठा फिरवायची. दरवाज्यातून पडलेला मासा काँक्रीटला घासतो, खाली दगडांवर आपटतो. त्याच्या एका अंगाचे खवले उडालेले असतात, शेपटी उसवलेली असते. तो खडबडीत पट्टा अंगठ्याला लागला की आई म्हणायची, "लई लागलं रं याला." आवाज असा की मामाच कुठं पडून आलाय. मामा म्हणायचा, "लागलं तरी आला न्हवं का."

मग मुंडकं. कटल्याचं मुंडकं केवढं असतं ते ज्यानं बघितलं त्यालाच कळेल. अर्धा मासा तिथंच. ते बहिणीचं, असा त्या घराचा रिवाज. मामा विळीवर स्वतः कापून द्यायचा. आई सुकं खोबरं आणि कांदा निखाऱ्यावर भाजायची, लसूण ठेचायची, काळा मसाला घालायची. कालवणाला उकळी फुटली की त्या वासानं शेजारची मांजरं आमच्या कुडावर येऊन बसायची. बाजरीच्या भाकरीबरोबर आई ते मुंडकं खायची, बोटानं आतला गर काढून काढून, आणि निम्मा गर मामाच्या ताटात सरकवायची. तो "नको आक्के, तुजं हाय ते" म्हणायचा आणि खायचा. वर्षभर सगळ्यांना वाढून उरलेलं खाणारी माझी आई, एक दिवस ताटावर अशी मांडी ठोकून बसायची. तो दिवस मला आवडायचा. तेव्हा हे कळत नव्हतं, नुसतं बरं वाटायचं.

मामा मला मरळ म्हणायचा. "मरळ हातात घावत न्हाई, आन घावली तर चावती," हे त्याचं माझ्याबद्दलचं मत. दारात आल्या आल्या विचारायचा, "मरळ कुठं हाय आमची?" मी मुद्दाम माळ्यावर लपायची. तो दोनदा शोधल्यासारखं करायचा आणि तिसऱ्यांदा म्हणायचा, "गेली वाटतं नदीला. बरं झालं." मग मी धाडकन उडी मारायची. त्याच्या चंचीतल्या काताचा वास, गळ्यातल्या ताइताचा घामट वास, तळहातांवर दोरीनं पडलेले घट्टे. त्या हातांनी तो माझी वेणी ओढायचा.

मी सतराची होते त्या वर्षी दरवाजे दोनदा उघडले. नुकतंच सोडलेलं बी सगळं वाहून गेलं, मोठा मासाही गेला. काठावर कुजबुज सुरू झाली की खालच्यांनी म्हसोबाच्या वर जाळं लावलं. कुणी बघितलं? कुणीच नाही. पण बाभळीखाली बसलेले गडी ते असं बोलायचे की बघितलंच आहे. दादा दोन दिवस जेवताना खाली मान घालून बसले. घरात कुणी मामाचं नाव काढलं नाही. मी मात्र काठावरचं सगळं ऐकत होते आणि आत साठवत होते. खरं काय होतं ते मला आजतागायत माहीत नाही. तेव्हा मला माहिती नको होती, मला बोलायचं होतं.

तिसऱ्या दिवशी मामा आला. दादा काठावर गेलेले. आई मागच्या पडवीत चुलीपाशी भाकरी थापत होती. मी दारात तांदूळ निवडत बसले होते. मामानं गोणपाट खांद्यावरून उतरवलं, तोंड उघडलं, "आक्के, तुझ्या धरनातला..." आणि मी त्याला पुढं बोलूच दिलं नाही. सुपातून मान वर न करता म्हणाले, "चोरून धरलेला मासा आमच्या चुलीवर चढत न्हाई, मामा."

ते वाक्य माझं नव्हतं, काठावर कुणाच्या तरी तोंडून ऐकलेलं होतं. पण म्हणाले मी. मामाला आधी वाटलं मी चेष्टा करतेय. तो हसायला लागला. मग मी मान वर केली, त्यानं माझं तोंड बघितलं आणि त्याचं हसू तिथंच राहिलं, पुढं गेलं नाही, मागंही नाही. गोणपाटातून पाणी टपटपत होतं. त्याच्या पायाशी थारोळं झालं.

"बरं," म्हणाला. एवढंच. गोणपाट पुन्हा खांद्यावर घेतलं आणि बांधाची वाट धरली.

आतून आईनं विचारलं, "कोन आलंय गं?"

"कुनी न्हाई," मी म्हणाले. आणि उंबऱ्यावरचं पाणी पायानं पसरून टाकलं. ऊन होतं, दोन मिनिटांत वाळलं.

पुढच्या वर्षी दरवाजे उघडले, मामा आला नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. दादांना वाटलं, काठावरची कुजबुज खाली पोचली आणि मेव्हणा रुसला. ते म्हणायचे, "त्याला काय आमी बोललो का? आमी तर तोंड बी उघाडलं न्हाई." लग्नकार्यात सगळे भेटायचे. कसं हाय, बरं हाय. भांडण झालंच नव्हतं, तर मिटवणार काय? फक्त मासा यायचा बंद झाला.

माझ्या लग्नात मामा आला. मामानं यायचंच असतं, नवरीला मांडवात त्यानंच आणायचं असतं. कोपराखाली हात धरून त्यानं मला उठवलं. मला वाटलं आता म्हणेल, चल मरळ. तो म्हणाला, "चला बाई." बोहल्यापर्यंत दहा-बारा पावलं होती. त्या दहा-बारा पावलांत मला बोलता आलं असतं. सनई चालू होती, कुणाला ऐकूही गेलं नसतं. मी मुंडावळ्या सावरत राहिले.

भादव्यात गौरीला मी माहेरी यायची आणि बहुतेक वर्षी तेव्हाच सांडवा सुरू असायचा. आई दुपारची उंबऱ्यावर जाऊन बसायची. नदीच्या बांधाकडं तोंड, हातात वात वळायचा कापूस नाहीतर निवडायची भाजी. मी घरात असले की हाक मारायची, "ये की गं, बस जरा." मला कळायचं ती कुणाची वाट बघतेय. तिच्या शेजारी बसून त्या बांधाकडं बघायची माझी छाती नव्हती. मी म्हणायची, "भांडी पडल्यात." कधी, "गौरीचं करायचंय." एकदा तर धुतलेली भांडी परत धुतली. दादा गेले, आईच्या एका डोळ्याचं ऑपरेशन फसलं, दुसऱ्यालाही दिसेनासं झालं, तरी दरवाजे उघडले की ती उंबऱ्यावर. "ये की, बस जरा." आणि मी आत, राखेचा हात घेऊन.

या वैशाखात मामा गेला. आमच्याकडं तेव्हा वर्षाच्या तिखटाचा हंगाम, मिरचीची पोती दारापर्यंत लागलेली. माहेराहून भावाचा फोन आला तेव्हा मी म्हणाले, मशीन बंद ठेवता येत नाही. यायचं जमणार नाही. फोन ठेवला आणि मिरची कुटायच्या डंक्यासमोर जाऊन बसले. डोळ्यांना धारा लागल्या, तर गिऱ्हाईक म्हणालं, "ताई, फडकं बांधा तोंडाला, लई ठसका हाय औंदा." म्हटलं, बांधते.

तर परवा. मोबाईलवर आलं, दरवाजे उघडले. मी सकाळची पहिली एसटी धरली. मनात एकच होतं, या वर्षी आईच्या उंबऱ्यावर मासा यायचा. मामा नाही तर नाही, मामीनं पाठवला म्हणून सांगायचं. शेडमधून कटला घेतला, गोणपाट मिळवलं आणि मुद्दाम वळसा घालून नदीच्या बांधावरून घरी आले. सदऱ्याच्या जागी माझं ब्लाउज पाठीवर भिजलं.

भाऊ-वहिनी कामावर गेलेले. आई उंबऱ्यावरच होती. पायांचा आवाज ऐकून तिनं मान वळवली.

"कोन?"

"मी हाय आई. खालनं आले. मामीनं मासा दिलाय तुला."

बोलताना माझा आवाज चढला, खोटं बोलताना माझा चढतोच. आईनं हात पुढं केला. मी गोणपाट तिच्यापुढं सोडलं. तिनं चाचपून मासा शोधला, डोक्यापासून शेपटीपर्यंत अंगठा नेला. मग मासा उलटा केला आणि दुसऱ्या अंगावरूनही नेला. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. भोयाच्या पोटी जन्मले, आणि एवढं विसरले. जाळ्यातून अलगद काढलेला मासा, एक खवला हललेला नव्हता.

"हा दरवाज्यातनं पडल्याला न्हाई," आई म्हणाली. "कुठनं आनलास?"

"शेडमधनं."

"मग मामीचं नाव कशापायी?"

मी तिच्या शेजारी उंबऱ्यावर बसले. तीस वर्षांत पहिल्यांदा. समोर बांध, बांधापलीकडं गढूळ नदी फुगून चाललेली. बोलायचं ठरवून बोलले नाही, तोंडातून निघालं ते असंच निघालं. "आई, मामानं मासा आणायचा बंद केला तो माझ्यामुळं. मी त्याला चोर म्हणाले. तू चुलीपाशी होतीस."

"व्हय. चुलीपाशी हुते," आई म्हणाली. "बहिरी न्हवते."

सांडवा वाजत होता. 

"समदं आयकलं. म्हनून तर इचारलं, कोन आलंय. तू म्हनलीस, कुनी न्हाई." ती गोणपाटाचा एक दोरा बोटाला गुंडाळत राहिली. "माजं हात पिठात हुतं. उठूस्तवर त्यो बाभळीपाशी गेल्ता. हाक मारायची हुती मी. मारली न्हाई. वाटलं, पोरगी जाईल मागनं पळत. न्हाई गेली. म्हनलं, उद्या जाईल."

"मग तू का नाही गेलीस? तुझा भाऊ होता."

"जाऊन काय सांगू? पोरगी चुकली म्हनून? ते तू सांगायचं हुतं. मी मिटवलं आसतं तर माजं मिटलं आसतं. तुजं तसंच ऱ्हायलं आसतं."

"मला वाटायचं तू इथं मामाची वाट बघत बसतेस."

"त्याची कशाला बघू? त्यो काय चुकला हुता?" आईचा आवाज आता कडक झाला. "तुजी बघत हुते. किती येळा म्हनलं, ये की, बस जरा. तुजी आपली भांडी. आता त्यो गेला, तवा तुला गोनपाट घावलं."

मी रडले. मोठ्यानं रडले, शेजारच्या दारात कुणी तरी येऊन परत गेलं. आईनं मला जवळ घेतलं नाही. पाठीवर हात ठेवला, ब्लाउज ओलं लागलं तसा काढून पदराला पुसला आणि म्हणाली, "ऊठ. मासा उनात हाय."

"शिजवू?"

"इथं न्हाई. खाली घिऊन जा. त्याच्या घरी."

गोणपाट पुन्हा भिजवून मी बांधावरून निघाले. तासाभराची वाट, दोन्हीकडं ऊस, मधे मधे बाभळी. म्हसोबाचा धोंडा निम्मा पाण्यात होता, शेंदूर धुवून निघालेला. किती वर्षांनी या वाटेवर पाय पडले, ते मोजायची हिंमत झाली नाही. मामीच्या दारात पोचले तर ती उंबऱ्याशी लसूण सोलत बसलेली, मोकळ्या कपाळाची. वैशाखातल्या बातमीनंतर मी तिला पहिल्यांदा बघत होते.

तिनं डोळ्यांवर हात धरून बघितलं. "मरळ का गं?"

त्या घरात माझं नाव अजून तेच होतं. मला जे काही सांगायचं होतं ते सगळं एकदम वर आलं, पण मी बोलले नाही. पाण्याचा तांब्या घेतला, बसले. तिच्या पुढ्यातला लसूण ओढला आणि दोघी सोलत राहिलो. बऱ्याच वेळानं, पाकळ्या संपत आल्या तेव्हा सांगितलं. वाक्य न वाक्य सांगितलं, काही झाकलं नाही.

मामी ऐकत होती. झाल्यावर म्हणाली, "आसं व्हय. मला कदी बोललं न्हाईत ते. त्या दिशी मासा परत घिऊन आलं, म्हनलं, आक्का घरी न्हवती." तिनं सालपटं गोळा केली. "दर वर्षाला पयला मोठा कटला घावला की मुंडकं काढून बाजूला ठेवायचं. कुनाला हात लावू द्यायचं न्हाईत. मी म्हनायची, जावा की घिऊन. म्हनायचं, बघू दुपारपातूर, वरनं कोन येतंय का. दुपार टळली की मांजराला घालायचं."

"दर वर्षी?"

"दर वर्षाला. औंदा न्हाई. औंदा कोन हाय?"

मग तिनं विळी काढली. मी कटला तिच्यापुढं ठेवला. धरणातून चालत खाली आलेला मासा, आता तो नदीच्या घरचा झाला होता. मामीनं मुंडकं वेगळं केलं, तेच गोणपाट पाण्यातून काढलं, त्यात ते गुंडाळलं आणि माझ्या हातात दिलं. "आक्काचं हाय," म्हणाली. "जा, लई उशीर झाला."

उन्हं कलली होती तेव्हा मी वर पोचले. आई होती तशीच उंबऱ्यावर. मी गोणपाट तिच्या मांडीजवळ ठेवलं. तिनं हात घातला, मुंडक्याची गोलाई ओळखली, गालफडावर अंगठा टेकवून बसली. तिच्या धुरकट डोळ्यांत पाणी होतं की नाही, सांगता येत नाही.

"खालनं आलं?" तिनं विचारलं.

"खालनं आलं, आई. मामीनं दिलं."

या वेळी माझा आवाज चढला नाही. तिलाही ते कळलं असावं. तिनं गुडघ्यावर हात दाबून उठायचा प्रयत्न केला, नाही जमलं, तशी परत बसली आणि गोणपाट माझ्याकडं सरकवलं.

"खोबरं भाज," म्हणाली. "निम्मा गर बाजूला काढ. त्यो नको म्हनंल, तरी काढ."